वैद्याचा मार

गेम बनवणाऱ्या त्या ऑफिसात नणंदेला वहिनीनेच चिकटवलं होतं. वहिनी तिथली मुरलेली प्रोग्रामर. नणंद नवखी, पण हौशी. लढाईच्या गेममधला वैद्य तिच्या वाट्याला आला होता आणि त्या वैद्यावर तिचा भारी जीव. पट्टी बांधताना त्याने मान कशी कलती करावी, यावर घरी जेवतानाही तिची टकळी चालू.

सगळ्या पात्रांचा मूळ क्लास, म्हणजे कोडमधला सामाईक साचा, वहिनीने लिहिलेला. चालणं, पडणं, मरणं सगळ्यांना तिथूनच आयतं मिळायचं. हुकूमही सगळ्यांना एकच, 'वार कर'. तो पाळायचा मात्र ज्याने त्याने आपल्या पद्धतीने: तलवारवाला तलवार चालवी, तिरंदाज बाण सोडी, वैद्य पट्टी बांधी. ज्याच्यात स्वतःचं काही लिहिलेलं नसेल, तो मूळ क्लासप्रमाणे सरळ ठोसा हाणी.

वैद्याला 'वार कर' म्हणणं वहिनीला खटकायचं. पाहुण्यांना गेम दाखवायचा, त्याच सकाळी तिने हुकमाचं नाव 'काम कर' केलं. मूळ क्लासमध्ये बदललं, तलवारवाल्यात, तिरंदाजात. तेवढ्यात मालकांनी हाक मारली आणि वैद्य राहून गेला.

पडद्यावर जखमी सैनिक कण्हत होता. वैद्य लगबगीने आला आणि त्याने त्याला बुकलून काढलं. सैनिक मेला. वैद्य पुढच्या जखमीकडे वळला. पाहुणे पोट धरून हसले.

"वैद्य कुणाचा?" मालकांनी विचारलं.

"माझा," नणंद म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

वहिनीच्या तेव्हाच लक्षात आलं. वैद्याला 'काम कर' माहीतच नव्हतं, म्हणून त्याने मूळ क्लासचा ठोसा उचलला होता. तिने तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते एवढंच, "बघते मी."

दुपारी तिने गुपचूप नाव दुरुस्त केलं. तोवर नणंदेला पात्रांवरून काढून मेनूच्या बटणांवर बसवलं होतं.

रात्री नवरा ताटावर बसून बहिणीला चिडवत होता, "पेशंटला बडवणारा डॉक्टर! त्याची अपॉइंटमेंट मिळेल का गं?"

नणंद हसली नाही. वहिनीला म्हणाली, "तू माझ्यासाठी शब्द टाकलास आणि मी तुझं नाक कापलं. सॉरी गं."

वहिनीने तिच्या ताटात आमटी वाढली. "असू दे," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता स्वतःचीच किळस आली.

सकाळी ऑफिसात सगळे जमल्यावर ती उभी राहिली. "वैद्यात चूक नव्हती. मी मूळ क्लासमधलं नाव बदललं आणि तिच्या वैद्यात बदलायला विसरले. ते मला कालच कळलं होतं."

मालकांनी मान हलवली. "होतं असं. वैद्य तिला परत द्या." त्यांच्या लेखी विषय संपला.

नणंद चहाच्या मशीनपाशी आली. "चूक कुणाकडूनही होते, वहिनी. पण रात्री मी सॉरी म्हणाले, तेव्हा तू 'असू दे' म्हणालीस."

तिने आपला कप भरला आणि ती जागेवर गेली.

नणंदेने वैद्याचं काम पुन्हा मन लावून केलं. घरात दोघींचं बोलणंही पूर्वीसारखं सुरू झालं. फक्त आपला कोड तपासून घ्यायला नणंद आता वहिनीऐवजी पलीकडच्या टेबलावरच्या चष्मेवाल्याकडे जाई. तो कधी रजेवर असला की वहिनी स्वतःहून विचारी, "मी बघू का?"

"नको गं, तो आला की दाखवते," नणंद अगदी गोड आवाजात म्हणे.