शरभाचं तोंड

"चमचा ठेवा खाली," विहीण विजयमाला म्हणाली. "देवऋषी म्हनला, पोर आपसूक छातीला लागंल तवाच ते जनावर तिला सोडंल."

चांगुणानं चमचा ठेवला नाही. मांडीवर वीस दिवसांची नात होती. ओठ नाकापर्यंत फाटलेला, तोंडात टाळूही दुभंगलेली. छातीला लावली की काही ओढताच यायचं नाही. म्हणून तिची आई, चांगुणाची सून रोहिणी, वाटीत दूध काढून द्यायची आणि चांगुणा थेंब थेंब पाजायची. डॉक्टरीणबाईंनीच तसं शिकवलं होतं. वजन भरलं की ओठ शिवू, म्हणाल्या होत्या.

"ह्यात कुनाचा दोष न्हाई म्हनली डाक्टरीन."

"कसा न्हाई? त्याला उघडं कुनी केलं, विहीनबाई? माजी लेक रोज त्याच्याम्होरं बसायची."

तेवढं खरं होतं. गावाची वेस निजामशाहीतली. दुरुस्ती निघाली तेव्हा कमानीवरचा चुना खरवडायला चांगुणा रोजानं गेली होती. चुन्याखालून शरभ निघाला. सिंहाचं अंग, पंजाखाली चिरडलेले हत्ती आणि फाकलेला जबडा. पोटुशी रोहिणी भाकरी घेऊन यायची, वर बघत बसायची. "कसलं ओ हे, आत्या?" तिनं विचारलं होतं. "राखनदार हाय गावाचा," असं चांगुणानं सासऱ्याकडून ऐकलेलं सांगितलं होतं.

चमच्यावरून बोलणं झालं त्याच दुपारी विजयमाला लेकीला आणि नातीला माहेरी घेऊन गेली. सहादेवानं, चांगुणाच्या लेकानं, त्यांना एसटीत बसवून दिलं. तिसऱ्या दिवशी तो खाली मान घालून म्हणाला, "आये, त्या जनावराचं तोंड बुजवल्याबिगर पाठवायच्या न्हाईत म्हनत्यात."

चांगुणाला त्यातलं काहीच पटत नव्हतं. तरी तिनं घमेल्यात सिमेंट कालवलं आणि शिडी चढली. जबडा भरला, डोळे लिंपले. "तुजा काय गुना न्हाई बाबा," ती पुटपुटली. मग तशाच भरल्या हातांनी नातीला आणायला निघाली.

विहिणीच्या घरात लेकराचा आवाज नव्हता. रोहिणी भिंतीला टेकून बसली होती. पोलकं दुधानं भिजलं होतं. चमचा तीन दिवस बंद होता. पोर पहाटे गेली आणि उन्हं वर यायच्या आत ओढ्याकाठी पुरलीही.

"देवऋषी म्हनला, उशीर केला तुमी," विजयमाला हळूच म्हणाली. चांगुणा सुनेजवळ जाऊन बसली.

आठवड्यानं गावची आशा सेविका अल्मास वजनकाटा घेऊन दारात आली. चांगुणाकडं बघताच तिनं काटा बाहेरच ठेवला. तिच्याजवळ येऊन बसली. मग वही काढली.

"मावशी, नोंद करावी लागंल. नाव ठेवलं होतं का?"

ओठ शिवल्यावर बारसं करायचं, असं घरात ठरलं होतं.

"ज्ञानेश्वरी लिव्ह," चांगुणा म्हणाली.

अल्मासनं लिहिलं. चांगुणाला वाचता येत नव्हतं.

"कुठं लिवलं, दाव."

अल्मासनं ओळ दाखवली. चांगुणानं त्या अक्षरांखाली बोट ठेवलं, आणि अल्मासनंही वही ओढून घेतली नाही.