दगडावर मावलं तेवढं

इंद्रभाननं बर्फ पाहिला होता तो फक्त नागपूरला, रसवंतीच्या ग्लासात. तरी भूगर्भशास्त्राच्या परीक्षेत त्याला सगळ्यात जास्त गुण पडले ते हिमसरोवरांच्या गाळावरच्या उत्तराला. उन्हाळ्यात हिमनदी वितळते आणि फिकट, जाडसर गाळ आणते. हिवाळ्यात तळं गोठतं आणि बारीक, काळपट गाळ तळाशी बसतो. अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. जोड्या मोजा, तळ्याचं वय कळतं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो किन्हीराजाजवळच्या आपल्या गावी आला. तलाव आटला होता आणि गाळ काढायचं दुष्काळी काम चालू होतं. आईची, अंजनाची, भाकर घेऊन तो तलावात उतरला आणि खणलेल्या कडेपाशी थांबला. कडेत पट्टेच पट्टे दिसत होते.

"माय, हे पाय. वर्षावर्षाचे थर हायत."

"असतीन. सरक, मले टोपली भरू दे."

गोष्ट मारोतरावांच्या कानावर गेली. ते गावातले मोठे जमीनदार. तलाव आपल्या पूर्वजानं निजामाच्या अमलात खोदला, असं त्यांच्या घरात सांगत. दुरुस्त केलेल्या बांधावर त्या पूर्वजाच्या नावाचा दगड बसवायचंही ठरलं होतं. इंद्रभानच्या बौद्ध वस्तीतली मनकर्णाबाई मात्र म्हणे, मोठ्या दुष्काळात माह्या मायनं अन् वस्तीतल्या बायांनी सरकारी कामावर हा तलाव खोदला. पुरावा दोघांकडेही नव्हता.

"मोज पोरा," मारोतराव म्हणाले. "गावासमोर मोज. शास्त्र खोटं बोलत नाई."

"तू कायले मधात पडून राह्यला?" वडील देवमन त्याला बाजूला घेऊन म्हणाले. पण इंद्रभाननं खुरपं घेऊन कड साफसुद्धा केली होती.

बर्फाच्या तळ्यांचा नियम गावाला सांगून तो मोठ्यानं मोजत गेला. सत्तरच्या आसपास थर संपले आणि खाली मुरूम लागला. गावानं मनातल्या मनात हिशेब केला. वऱ्हाडातून निजामाचा अमल जाऊन एकशेवीस वर्षं झाली होती; तो फार मागं राहिला. आकडा एकोणीसशेच्या मोठ्या दुष्काळापाशी येऊन थांबला. मनकर्णाबाईनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

मारोतरावांनी कडेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "आपल्या तलावात बर्फ पडते काय?"

"नाई."

"मंग?"

इथं इंद्रभानला गप्प राहता आलं असतं. पण उत्तर अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती. त्यानं समजावून सांगितलं, की इथं गाळ पावसानं येतो. एका साली दोन मोठे पूर आले तर दोन थर बसतात, कोरड्या साली एकही नाही. आधी कधी गाळ काढला असेल तर तेवढे थर गेलेच.

"म्हंजे निजामाच्या काळातला असू शकते?"

"असू शकते. नसूही शकते."

मारोतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांच्या घरातल्या कोणाचा हात इंद्रभानच्या घरातल्या कोणाला लागायची ती पहिलीच वेळ.

संध्याकाळी वस्तीत त्याच्याशी कोणी धड बोललं नाही. चुलता माणिकराव तेवढा म्हणाला, "पैल्यांदा पुस्तक आपल्या बाजूनं बोललं, अन् तूच त्याचं तोंड दाबलं."

"पण तेवढ्यावरून सांगता येत नाई, काका."

"त्याईले बरं सांगता येते."

काम संपायच्या आतच बांधावर दगड बसला. पूर्वजाच्या नावाखाली कोरलं होतं: शास्त्रीय पाहणीनुसार निजामकालीन. इंद्रभान तडक मारोतरावांच्या घरी गेला.

"मी असं म्हटलं नोतं."

"असू शकते म्हणला होता ना?"

"नसूही शकते, असंही म्हणलो होतो."

"दगडावर इतकं मावत नाई, बापू," मारोतराव समजुतीनं म्हणाले आणि त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला. तो घरच्याच कपात आला, वस्तीतल्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात नाही. इंद्रभाननं तो घेतला नाही.

तो सरळ तलावात उतरला. मनकर्णाबाई गाळ भरत होती. तिच्या हातातलं फावडं घेऊन त्यानं उरलीसुरली पट्ट्यांची कड एकही पट्टा न ठेवता खणली आणि टोपली गच्च भरली.

"लय जड भरली, बापा," ती म्हणाली. "आता हात लाव, डोक्स्यावर दे. मुकादम पाहून राह्यला."