लाईन आल्याची वर्दी

चामोर्शीत आमच्या गल्लीला लाईन, म्हणजे वीज, आल्याची बातमी खुशालभाऊंची कटर मशीन द्यायची.

खुशालभाऊ सागवानाची दारं-चौकटी करतात, मी त्यांच्या हाताखाली काम करतो. लाईन गेली की ते मशीनचा खटका दाबलेलाच अडकवून ठेवत. पिन बोर्डातच. लाईन आली की मशीन किंचाळायची, मग समोरच्या ठमाबाई पीठचक्की सुरू करायच्या. त्यांच्या चक्कीतला बल्ब चार वर्षांपूर्वी उडाला. बदलायची गरजच पडली नाही. एकदा तर मशीन टेबलावरून उतरली आणि वायर पुरली तिथवर अंगणात फिरून आली.

"तिलेही पाय मोकळे कराव वाटते," खुशालभाऊ म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण लाईन नसताना वेळ वाया जाऊ नये म्हणून ते त्याच वेळात मशीनचं पातं बदलत.

बल्लारपूरला माझ्यासोबत काम करणारा पोचू असाच आठ बोटांवर आला, हे मी त्यांना सांगून पाहिलं होतं.

"मंग? आठ बोटाईनं जेवत नाई का तो?"

"जेवते ना भाऊ. पण हात जोडले का लोकं पहिले बोटं मोजते."

"तुले लय भेव हाय बे निकेश."

भेव होतंच. खुशालभाऊ रंधा मारलेल्या फळीवरून डावा अंगठा फिरवतात आणि कुठं केसभर उंच राहिली ते सांगतात. मी फिरवतो तेव्हा मला फक्त फळी आहे एवढं कळतं. असा अंगठा दुकानात मिळत नाही.

त्या सकाळी लाईन दर पाच मिनिटांनी ये-जा करत होती. ती गेली तशी खुशालभाऊंनी मशीन मांडीवर घेतली, उजव्या हातानं नटाला पाना लावला, डाव्या पंजात पातं गच्च धरलं. नट जाम होता. खटका अडकलेला होता. मी उठलो, बोर्डातली पिन उपसली आणि हातात धरून बसलो. त्यांचं लक्ष नटात.

थोड्या वेळानं डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. पंखा तिथं पहिल्यापासूनच होता. बातमीदार म्हणून त्याच्याकडं कोणी कधी पाहिलं नव्हतं. खुशालभाऊंनी वर पाहिलं. मग पात्याकडं. मग माझ्या हातातल्या पिनेकडं.

गल्लीत कोणीच हललं नाही. समोरून ठमाबाईंचा आवाज आला, "खुशालभाऊ, आज लाईन येत नाई काय जी?"

"थांब बाई," ते म्हणाले. आवाज जेमतेम उंबऱ्यापर्यंत गेला.

त्यांची मूठ पात्यावरून सुटत नव्हती. मी एकेक बोट सोडवलं.

"किती हाय?"

"पाच हाय भाऊ."

"पुन्हा मोज."

मी पुन्हा मोजली. पाचच होती. बोटं मोजून इतकं समाधान मला पहिलीतसुद्धा झालं नव्हतं.

मग त्यांनी खटका सोडवला. सुतळी घेतली आणि पाना वायरीला बांधून टाकला, अगदी पिनेजवळ, वीतभर दोरीनं. आता पाना पात्यापर्यंत आणायचा तर पिन बोर्डातून काढावीच लागणार. गाठ त्यांनी तीनदा मारली.

तोवर ठमाबाई दारात. "अवो, लाईन त आली! मशीन काऊन नाई ओरडली?"

"आता नाई ओरडणार ते."

"मंग आमाले कोन सांगन?"

खुशालभाऊंनी विचार केला. उंबऱ्यावर गेले, दोन्ही हातांचा तोंडाशी भोंगा केला आणि गल्लीभर ओरडले, "आलीऽऽ!"

ठमाबाई चक्कीकडं धावल्या. चक्की घरघरली, आणि दोनच मिनिटांत लाईन पुन्हा गेली.

"खोटारडा मिस्त्री!" पिठातून आवाज आला.

खुशालभाऊ तसेच उंबऱ्यावर उभे होते. हात अजून तोंडाशीच. बोटांना सागवानाचा वास येत असणार.