किल्लीचं माहेर

मी तरचुंगच्या गोम्पाची किल्ली बोलतेय. आत्ता मी एका मुठीत आहे आणि ती मूठ गोम्पाची चढण धावत चढतेय. त्यामुळे सांगताना इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. दार येईपर्यंतच काय तो वेळ आहे.

माझा जन्म ओढ्याकाठच्या घरातला. तिथे गरा राहतात, म्हणजे लोहार. आज तिथे भट्टी चालवणाऱ्या मुतुप मेमेच्या आजोबांनी नांगराच्या झिजलेल्या फाळातून मला घडवलं, आणि माझ्याबरोबर कुलूपही. मी वीतभर लांब आहे, अंगाने जाड आणि दातांनी मजबूत. तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा तापवलं. शेवटी म्हाताऱ्याने मला तळहातावर घेऊन तोललं आणि हसला. त्याच दिवशी गाव मला वर घेऊन गेलं. सासरी जाणारी मुलगी निदान मागे वळून बघते. मला एकाने गोंच्याच्या, म्हणजे लांब झग्याच्या, घडीत खुपसून वर पट्टा आवळला, मग दिसणार काय, कपाळ!

आमचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मंदिर, जुना. लामा खालच्या मोठ्या मठात राहतात, पूजेपुरते येतात. एरवी दार गावानेच सांभाळायचं, म्हणून घराघरांत पाळी. लोसरला, वर्ष पालटताना, मला पांढरा खत्ताक, मानाचं उपरणं, बांधतात आणि पुढच्या घरी नेऊन खुंटीला लावतात. पाळीवाल्याने गाव सोडायचं नाही. पाहुणा अंगणाच्या कठड्याशी उभा राहून ज्याच्या नावाने हाक मारेल, त्याने हातातलं काम टाकून वर जायचं. पाहुण्याच्या हाकेला नाही म्हणायचं नाही. हाक कुणाला मारायची हे पाहुण्याला वाटेतच कळलेलं असतं. इथून परतणारे यात्रेकरू पुढे भेटेल त्याला नाव सांगत जातात.

या पाळीने मी सगळं गाव पाहिलं. कुणाच्या घरी चहात लोणी सढळ, कुणाच्या घरी सुनेच्या पेल्यात नुसतं गरम पाणी, सगळं मला ठाऊक आहे. पाहुणेही तऱ्हेतऱ्हेचे. बंद दार दिसलं की काहीजण ते हलवून बघतात, जणू आम्ही गंमत म्हणून कुलूप लावलंय. काहीजण कुलपाचाच फोटो काढतात आणि आत काय आहे ते न बघता निघून जातात. आणि काही म्हातारेकोतारे बंद दारालाच साष्टांग नमस्कार घालतात. तेव्हा माझा जीव नुसता तडफडतो. कुणीतरी मला लवकर वर न्या की रे!

सगळी घरं झाली, दोनदोनदा झाली. फक्त एका घरी मी कधी गेले नाही. ओढ्याकाठच्या.

गराच्या घरचं पाणी गाव पीत नाही. लग्नात गरा ओळीच्या शेवटी बसतो, तेही चटईखेरीज. मग गोम्पाची किल्ली त्याच्या खुंटीला कशी लागणार? दर लोसरला मी आशेने बघायची आणि दर लोसरला ते घर ओलांडून जायची. बाईमाणसाला माहेरी जाऊ दिलं नाही तर ती निदान भांडते. मी खुंटीवर लटकून गंज धरायची.

यंदा पाळी पुंचोककडे होती. पुंचोक माणूस वाईट नाही, पण त्याचं डोकं कधी जागेवर नसतं. सातूचं पीक हिरवं असताना त्याचा झो, याक नि गाईचा संकर, वरच्या कुरणात लंगडतोय असा निरोप आला आणि हा मला कमरेला खोचून निघाला. पाळीवाल्याने गाव सोडू नये, हे वर पोचल्यावर आठवलं. झोच्या खुरात खडा अडकला होता. पुंचोकने इकडेतिकडे पाहिलं आणि तो खडा माझ्या दाताने उकरून काढला! झो सुटला, माझा दात वाकडा झाला.

नेमकी त्याच दिवशी यात्रेकरूंची जीप आली. गोम्पामागून गोम्पा करत निघालेली माणसं. त्यांत झांस्करची पाल्किट आबी, म्हणजे आजी, होती, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी चाचपत चढलेली. तिच्या डोळ्यांत धुकं भरत चाललं होतं. लग्नाआधी आईबरोबर येऊन तिने आमच्या चांबाचं, उद्याच्या बुद्धाचं, तोंड पाहिलं होतं. दिसतंय तोवर तेवढं एकदा पुन्हा बघायचं, म्हणून ती आली होती.

हाका मारून मुलाचा घसा बसला. उन्हं डोक्यावर आली तेव्हा पुंचोक धापा टाकत आला, मला कुलपात घातलं, आणि मी फिरेना. खूप जोर लावला हो मी. जीप खाली भोंगा वाजवत होती.

गोबा नावांग धावत आला. गोबा म्हणजे आमचा पाटील. "अरे, किल्ली आहे की कुदळ?" तो पुंचोकवर बरसला. "पाहुण्याच्या हाकेला नाही म्हणायचं नाही, हा नियम विसरलास? कुलूप फोडा आता. दुसरं काय!"

"माझ्यासाठी चांबाच्या दाराचं कुलूप फोडायचं?" आबी म्हणाली. "ते पाप गाठीला बांधून झांस्करला जाऊ का मी? ज्याने केलंय त्याच्याकडे न्या."

आणि मी माहेरी निघाले! एवढ्या वर्षांनी, मोडक्या दाताने का होईना.

गोबा उंबऱ्याबाहेरच थांबला. मुतुप मेमेने, म्हाताऱ्या लोहाराने, मला हातात घेतलं, उलटीपालटी केली आणि निखाऱ्यांत सारलं. त्याची लेक चोस्डोल भाता ओढायला बसली. तिच्या जिभेला धार आहे, घरच्या लोखंडापेक्षा जास्त.

"गोबा-ले, आत या की. चहा तयार आहे," ती म्हणाली. ले म्हणजे आमच्याकडचं जी.

"घाई आहे," गोबा म्हणाला.

"घाई तर तुम्हाला जन्मभर आहे. पणजोबांनी केलेली किल्ली गावभर पाहुणचार खाऊन आली. आमच्याच दाराशी तिला काय काटे टोचतात?"

"रीत आहे, चोस्डोल."

"कुणी घातली?"

"मी नाही घातली."

"मग मोडली तर तुमचं काय जातंय?"

"चोस्डोल," मेमे म्हणाला, "भाता ओढ."

तिने असा ओढला की ठिणग्या उंबऱ्यापर्यंत उडाल्या. मला भाजत होतं, आणि तरी वाटत होतं, हे कधी संपू नये. पण मेमेचा हात लवकर चालला. दात सरळ झाला, मी पाण्यात जेमतेम चर्र केलं. चोस्डोल मला तिच्या घट्टे पडलेल्या हातात घेऊन दाराशी आली. गोबाने हात पुढे केला नाही.

"तिथे दगडावर ठेव," तो म्हणाला.

तिने ठेवलं. तिचा चेहरा पाहिला आणि मला स्वतःच्या गरम असण्याचा आनंद झाला. गोबाने मला उचललं, "आई गं" म्हणून टाकलं आणि बोटं फुंकत राहिला.

तोवर आबी मुलासोबत खाली पोचली होती. ती सरळ उंबरा ओलांडून आत गेली आणि म्हणाली, "चहाचा वास येतोय."

"आबी-ले, आम्ही गरा आहोत," चोस्डोल हळूच म्हणाली.

"मग? मीठ घालता ना चहात?"

आबीने पेला संपवला आणि दुसरा मागितला. बाहेर गोबाला कुठे बघावं कळेना.

वर दार उघडलं. मी कुलपाबरोबर बाहेर लटकले. नेहमीच लटकते. आयुष्यभर ते दार उघडलं, पण चांबाचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. चोस्डोलही वर आली होती, ती अंगणात चपलांच्या ढिगाशी थांबली. आम्ही दोघी बाहेर, आणि आतून आबीचं रडणं ऐकू आलं. मलाही रडावंसं वाटलं, लोखंडाला ते येत नाही म्हणून राहिलं.

"दिसला," बाहेर आल्यावर आबी एवढंच म्हणाली. मग गोबाकडे वळली. "पुढे वाटेत माणसं विचारतील. कुणाला हाक मारायला सांगू?"

"पुंचोकला. लोसरपर्यंत पुंचोकच."

"चोस्डोलला. बरं."

"नाही हो आबी-ले, पुंचोक!"

"ऐकलं रे, ओरडतोस कशाला? चोस्डोल." आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून ती पायऱ्या उतरू लागली. मुलगा खाली बघून हसत होता. तिचे डोळे अधू होते. कान ठणठणीत होते, चोस्डोलचं ते हळूच बोलणंही तिने ऐकलं होतं.

त्यानंतर माझी झोप उडाली. खुंटीवर लटकून मी एकच काम केलं, कान वर लावले. जीपा आल्या, आणि जो तो पुंचोकच्या नावाने ओरडला. कुठवर गेली असेल आबी? सांगितलं असेल का कुणाला? की जीपमध्ये डुलकी लागली आणि विसरली? माझा जीव खालीवर व्हायचा.

आज कापणी चालली आहे. सगळं गाव शेतात, मी पुंचोकच्या कमरेला. आणि वर कठड्याशी लाल कपड्यांतल्या काही चोमो, भिक्षुणी, दिसल्या. वाऱ्यावर आवाज खाली आला.

"चोस्डोल आचे-ले! ओ चोस्डोल!"

आचे, म्हणजे ताई! सगळ्यांचे विळे थांबले.

"पुंचोक, जा वर," गोबा म्हणाला.

"हाक मला नाही आली."

"पाळी तुझी आहे ना?"

"पाळी माझी, हाक तिची. त्या दिवशी चारचौघांत तुम्हीच मला नियम शिकवलेत, गोबा-ले. पाहुण्याच्या हाकेला नाही म्हणायचं नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. गोबा विळा धरून उभा राहिला. चोस्डोल तिच्या तुकड्यात पेंढी छातीशी धरून उभी होती, हलेना. वरून पुन्हा हाक आली, तिच्याच नावाची.

पुंचोक बांध ओलांडून तिच्यापाशी गेला. त्याने मला कमरेतून काढलं आणि बाजूच्या दगडावर नाही, तिच्या हातावर ठेवलं.

"जा, आचे-ले," तो म्हणाला. "थांबल्यात त्या."

तर मी आहे ती या मुठीत. तळहात घामेजलाय, श्वास फुललाय, आणि मेमेच्या आजोबांचं लोखंड त्यांच्याच पणतीच्या हातात पहिल्यांदा ही चढण चढतंय. दार दिसायला लागलं. आज ती चपलांपाशी थांबते की आत जाते, आणि संध्याकाळी मला कुठल्या खुंटीवर नेते, मला काही माहीत नाही. गोबा खाली अजून तसाच उभा आहे. एका हाकेने घर बदलत नाही, एवढं मलाही कळतं.

म्हणून तुम्हाला सांगतेय. कधी आमच्याकडे आलात आणि दार बंद दिसलं, तर ते हलवू नका. कठड्याशी जा, ओढ्याकडे तोंड करा आणि मोकळ्या गळ्याने हाक मारा. नाव तर आता तुम्हाला ठाऊक आहे.