बिनहुकाचं ब्रेसलेट

आमच्या दुकानातल्या ब्रेसलेटला हूक नसायचा. माझा नवरा निकानोर कडीत कडी अडकवत, चांदीचे खवले एकावर एक चढवत पट्टी विणायचा आणि शेवटची कडी गिऱ्हाइकाच्या मनगटावरच बंद करायचा. दोन हातांत दोन पकडी घ्यायच्या आणि कडीची तोंडं फिरवून जुळवायची. मेक्सिकोतल्या आमच्या अख्ख्या तास्को गावात, जिथं घरोघरी चांदीकाम चालतं, हा थाट फक्त आमचा.

शाळेतल्या एर्मेलिंदा बाईंनी मात्र एकदा हूक मागितला. बाई एकट्या राहायच्या.

"कधी काढावं लागलं, तर परत कोण घालून देणार मला?"

"तेही खरंच," मी मोठ्यानं म्हणाले. "एकटीला हूकच बरा!"

दुकानातली माणसं हसली. निकानोर हसला नाही. त्यानं तार घेतली आणि एकाऐवजी दोन हूक वळले. दुसरा कशाला, ते मी विचारलं नाही.

माझं ब्रेसलेट चाळीस वर्षं 'पुढच्या आठवड्यात' होत राहिलं. विणून झालं की कुणाच्या तरी डोळ्यांत भरायचं आणि विकलं जायचं. शेवटचं त्यानं अर्धं विणलं आणि गेला.

आज त्याला वर्ष झालं. अकरा वाजता चर्चमध्ये त्याच्या नावाची प्रार्थना होती आणि ब्रेसलेट घालूनच जायचं मी ठरवलं होतं. उरलेले खवले महिनाभर बसून चढवले. सकाळी एकच कडी राहिली. पट्टी मनगटावर घेतली आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पकडी दोन, मोकळा हात एक! जन्म गेला या कामात, आणि मला हे सुचू नये? एक पक्कड दातांत धरून पाहिली. कडी चारदा फरशीवर पडली. लेक शिकागोत, शेजारची दुकानं रविवारची बंद.

तेवढ्यात एर्मेलिंदा बाई चर्चला जाताना दिसल्या. हाक मारायची लाज वाटली, तरी मारली.

"बाई, एवढी कडी बंद करून देता?"

"मी? अगं ओब्दुलिया, मला खडूशिवाय काही धरता येत नाही!"

तरी बसल्या बिचाऱ्या. कडी दाबून चपटी केली आणि ब्रेसलेट माझ्या मांडीवर पडलं.

"दाबायची नाही, फिरवायची!" मी खेकसले.

बाईंनी पकडी खाली ठेवल्या. त्यांच्या मनगटावर आमचंच ब्रेसलेट होतं, खवले झिजून गुळगुळीत झालेले.

"हूक लाव गं," त्या म्हणाल्या. "सवय होते."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं. घंटा वाजायला लागली तशा त्या पुढे गेल्या.

मी निकानोरचा ड्रॉवर उघडला. दुसरा हूक तिथंच होता, कागदात गुंडाळलेला. वर त्याच्या अक्षरात माझं नाव होतं.

हूक पट्टीला जोडला आणि ब्रेसलेट घातलं. एका हातानं, पहिल्याच खेपेला बसलं. मग मी रडले.