दोन माणसांचं टेबल

ताटली पालथी होती. पांढरी, जाड, आणि तिच्या बुडावर कंपनीचा निळा शिक्का अर्धाच उठलेला. ज्ञानेश्वरीने अंगठ्याने तो घासून पाहिला. स्टोअरला आलेल्या मालावरचे शिक्के तपासायची पंचवीस वर्षांची सवय, हाताने रविवारी तरी गप्प बसावं की नाही. समोरची ताटलीही तशीच पालथी. वेटरने दारातच विचारलं होतं, किती जण, मॅडम, आणि तिच्या तोंडून ठरल्यासारखं निघून गेलं होतं – दोन. खुर्चीत टेकल्यावर लक्षात आलं, आज तीन म्हणायला हवं होतं. कंपनीतली अफ्रीन येणार, ज्योती येणार आणि आपण, असे तीन. पण ज्योती नावाची बाई जगात नव्हतीच, तेव्हा दोन. म्हणजे दोन वर्षांत पहिल्यांदा तिने वेटरला खरा आकडा सांगितला होता, आणि तोही चुकून.

बारा वाजून दहा मिनिटं. अफ्रीन साडेबाराला येते म्हणाली होती. वीस मिनिटांत ज्योतीचं काय करायचं ते ठरवायचं होतं.

येताना रिक्षात तिने सगळे मार्ग लावून पाहिले होते. ज्योतीला ऐनवेळी ताप आणता येईल, पण मग अफ्रीन पुढचा रविवार मागेल. ज्योतीच्या नवऱ्याची बदली गुवाहाटीला करता येईल... पण बदल्या अशा एका रात्रीत होत नाहीत, आणि अफ्रीन खुळी नाही. ज्योतीला मारूनच टाकावं, हेही सिग्नलला थांबल्यावर मनात येऊन गेलं. लगेच वाटलं, मग दोन दिवस रजा टाकावी लागेल, कंपनीतल्या बायका घरी भेटायला येतील, चेहरा तसा ठेवावा लागेल. हसू आलं. आणि हसता हसता कळलं, चेहरा ठेवावा लागलाच नसता, तो आपोआप तसा झाला असता.

दुकान नवं होतं. सावेडीत अशी दुकानं आता महिन्याला एक उघडतात. बाहेर पाटी – अस्सल इटालियन, लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा. लाकडं होती खरी, काचेमागे रचून ठेवलेली, पण इतकी स्वच्छ की त्यातलं एकही कधी चुलीत जाईल असं वाटेना. मेनूत पहिल्या दोन ओळी इटलीच्या, तिसऱ्या ओळीपासून ठेचा पनीर पिझ्झा. चांगला पिझ्झा नगरात मिळणार नाही हे तिला ठाऊक होतं. अस्सल काय ते पुण्यात. पण अफ्रीनला पुण्याला नेणं म्हणजे अख्खा दिवस, आणि तिच्या सासूबाईंनी, मेहताबबींनी, एवढा वेळ सोडलं नसतं. म्हणून मग ज्योतीलाच इकडे बोलवावं लागलं... बोलवलं, म्हणे. जणू फोन केला होता.

ज्योती जन्मली तीही पिझ्झ्याच्याच दुकानात. आईला जाऊन पाच महिने झाले होते, आणि मामेभावाच्या मुलाचा साखरपुडा होता पुण्यात. सुतकातली नसली तरी वर्षाच्या आतली बाई, म्हणून कोणी पंगतीला बस असा आग्रह केला नाही, आणि आग्रह नसताना बसणारी ती नव्हे. भुकेली बाहेर पडली. बसला वेळ होता. एका गल्लीत आठ टेबलांचं दुकान दिसलं, आतून जळक्या पिठाचा वास आला – तव्यावर भाकरी जराशी लागली की येतो तसा – आणि ती शिरली. किती जण, असं त्यांनी विचारलं. आत सगळीकडे जोड्या, घोळके, पोरंसोरं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई भर दुपारी एकटी हॉटेलात जेवायला... म्हणाली, दोन, एक जण येतेय मागून.

पातळ पोळी होती ती, कडेला काळे फोड आलेली, वर टोमॅटोचा रस, पांढऱ्या चीजचे ठिपके आणि दोन पानं. बस. पहिल्या घासाला तिच्या जिभेला जे कळलं ते मीठ. चीजमधलं, पिठातलं, इतकं सरळ आणि निर्लज्ज मीठ. सात वर्षं ती अळणी जेवली होती. डॉक्टरांनी गोजरबाईंचं, म्हणजे आईचं, मीठ बंद केलं तेव्हा आई म्हणाली होती, "तू घाल की तुज्यापुरतं. माज्यासाटी तू कशाला गं आळनी खातीस?" म्हणायची, पण वाढताना तिच्या पानाकडे अशी बघायची... चार दिवस दोन पातेली चढली. पाचव्या दिवशी एक. तिसगावची बाई, झणझणीत शिपी आमटीवर पोसलेली, ती अळणी पाणी शेवटपर्यंत भुरकत राहिली आणि शेजारी लेक. डॉक्टर लेकीला काही म्हणाले नव्हते. नंतर हाताला मिठाचा अंदाजच राहिला नाही. पहिल्यांदा मीठ घालून केलेली वांग्याची भाजी डब्यात नेली तर कंपनीतली रेश्मा पाणी पीत सुटली होती.

त्या दुपारी ती अर्धा पिझ्झा खाऊन थांबली. समोरची खुर्ची रिकामी होती, आणि तिला वाटलं, हे कोणालातरी सांगायला हवं. मनातल्या मनात म्हणाली, ज्योती, हे खा बघू. ज्योती का, तर साखरपुड्यातल्या कुठल्याशा पाटीवर ते नाव होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सांगितलं, मैत्रिणीने नेलं होतं. कॉलेजातली, ज्योती. नागापूरच्या कंपनीत त्या सहाजणी एका टेबलाशी डबे उघडतात, एकमेकींच्या झाकणात चमचा चमचा भाजी वाढतात, आणि भाजीबरोबर प्रत्येकीच्या घरातलं चमचाभर. ज्ञानेश्वरीपाशी वाढायला आता ज्योती होती. पाषाणला राहणारी, बँकेत असलेली, गुडघे दुखणारी, वांग्याला तोंड न लावणारी ज्योती. दर महिन्याला एका रविवारी ती आणि ज्योती पुण्यात अस्सल काहीतरी शोधून खायच्या. लेबनॉनचं. केरळचं, पानावरचं. एका जिन्यावरचं कोरियन, जिथे रांजणगावच्या कारखान्यातले कोरियन साहेब बाह्या सारून, पानाकडे न बघता जेवत होते. तिने खूण बांधली होती, पानाकडे न बघता जेवणारी माणसं जिथे दिसतील तिथलं खरं. एकदा पाटी दिसली, अस्सल नगरी शिपी आमटी, तीही खाल्ली. नुसतं तिखट. आत कोणीही नगरचं नव्हतं, ती सोडून, आणि तिने ताटावरची नजर काढली नव्हती.

रेश्मा एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माऊली, तुझ्या ज्योतीला मिशा तर नाहीत ना गं?" टेबल हसलं. ज्ञानेश्वरीही हसली, आणि रागवायचं सोडून दिवसभर कुठेतरी बरं वाटत राहिलं. कोणाला तरी वाटलं होतं की तिच्यापाशी लपवण्यासारखं काही आहे.

आणि मी ज्योतीला खरंच सगळं सांगायचे, ज्ञानेश्वरीला आठवलं. पुण्याच्या बसमध्ये सुप्याच्या आसपास ती यायची, खिडकीपाशी बसायची. आईचं शेवटचं अंथरूण मी आठ महिने गुंडाळलं नव्हतं, हे फक्त ज्योतीला माहीत होतं. ती काही बोलायची नाही. बोलायची नाही म्हणूनच...

अफ्रीन टेबलाच्या टोकाला बसते. डिस्पॅचला लागून तिला वर्ष झालं. नवरा रिझवान सौदीत, दम्मामला, घरी सासू. झाकणं फिरत फिरत तिच्यापाशी आली की ती स्वतःच सांगते, माझ्यात आज अंडं आहे हं, आणि झाकणं पुढे सरकतात, कोणाला नको म्हणावं लागत नाही, कोणालाच वाईट वाटत नाही. एका गुरुवारी ज्ञानेश्वरी पाण्याला उठली आणि तिच्यामागून गेली. डब्यात बटाटा होता. नुसता पिवळा बटाटा, मोहरी घातलेला, अंडं कुठेच नाही. पुढच्या गुरुवारी मुद्दाम गेली. दुधी. त्या दिवसापासून ज्ञानेश्वरीचं लक्ष त्या पोरीकडे लागलं. खोटं कसं सांगायचं हे आपल्यासारखंच शिकलेलं कोणीतरी आहे, या जाणिवेने ती हुरळलीही आणि घाबरलीही.

आणि मग महिन्यापूर्वी हात धुताना अफ्रीन म्हणाली होती, ताई, मजा आहे तुमची, दोघी दोघी फिरता. तेव्हा ज्ञानेश्वरी म्हणून गेली, ज्योती तुझ्याबद्दल विचारत होती. घेऊन ये म्हणाली एकदा तिला.

अफ्रीनच्या हाताचा साबण तसाच राहिला होता. "मला? मला कशा ओळखतात त्या?"

"मी सांगते ना तुझ्याबद्दल."

एवढंच. ते तरी खोटं नव्हतं.

बारा पस्तीसला अफ्रीन आली. ईदला शिवलेला पिस्ता रंगाचा ड्रेस, डोक्यावरची ओढणी पिन लावून नीट बसवलेली, हातात पिशवी. आल्या आल्या तिने टेबल पाहिलं, दोनच खुर्च्या पाहिल्या, आणि शेजारच्या टेबलाची एक खुर्ची स्वतः उचलून आणून लावली. तिसरी. तिच्यावरून हातही फिरवला, धूळ असल्यासारखा.

ज्योतीताई स्टँडवरून येतायत का, तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता पिशवीतून स्टीलचा डबा काढला. सासूबाईंनी दिलीय नानकटाई, त्यांच्यासाठी. काल घरी पीठ मळून ट्रे घेऊन बेकरीत गेल्या होत्या. भट्टीला नंबर होते, दोन तास बसून राहिल्या. गुडघे दुखतात म्हणून मीच सांगितलं होतं ना घरी, ज्योतीताईंचे, तर म्हणाल्या, माझ्यासारखीच दिसते बिचारी, रिकाम्या हाताने जाऊ नकोस. मग जरा थांबून, डब्याच्या झाकणाकडे बघत, "खरं सांगू का ताई, ओळखपाळख नसताना मला असं कोणी बोलावलंच नव्हतं. रिझवानला पण सांगितलं फोनवर. तो म्हणाला, तुला? म्हटलं, हो, मला."

मेहताबबी बेकरीच्या फळीवर बसलेल्या तिला दिसल्या, मांडीवर ट्रे, गुडघा चोळत. ज्योतीच्या गुडघ्यासाठी. ज्योतीचा गुडघा तिने एका सोमवारी असाच काढला होता, दुसरं काही सुचेना म्हणून. तापाचं वाक्य तयार होतं, जिभेवरच होतं. डबा मी पोचवेन, हेही. पोचवलाही असता – घरी नेऊन एकेक खाल्ली असती, आणि सोमवारी सांगितलं असतं, ज्योतीला फार आवडली. किती सोपं. मग अफ्रीन आणखी काही देईल. मग सासूबाई. एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि सगळी ज्योतीची. आपल्यासाठी कोणीच भट्टीला नंबर लावणार नाही.

"ज्योती येणार नाही," ती म्हणाली. आवाज नेहमीचा, स्टोअरमधला, माल नाही सांगतानाचा. "ज्योती नावाची कोणी नाही, अफ्रीन. मी एकटीच जाते पुण्याला. एकटीच खाते. पहिल्या दिवशी सांगून बसले, मग सांगत राहिले."

अफ्रीन हसायला लागली, आणि मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. तिने तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. ज्ञानेश्वरी वाट बघत राहिली, रागाची, किंवा दयेची. दया आली तर उठून जायचं, हे तिने त्या क्षणात ठरवलं. पण अफ्रीन कसला तरी हिशेब जुळवत होती.

"म्हणजे मला बोलावलं कोणी?"

"मी."

"मग तुमच्या नावाने का नाही बोलावलं?"

याचा विचार तिने रिक्षात केला नव्हता. कुठेच केला नव्हता. तोंड उघडलं तेव्हाही काय बाहेर येणार हे तिला माहीत नव्हतं.

"नाही म्हणाली असतीस," ती म्हणाली, "तर ते ज्योतीला म्हणाली असतीस."

अफ्रीनने खाली पाहिलं. ओढणीची पिन काढली, पुन्हा लावली. तिच्या गळ्याशी लाली चढली होती, आणि ती रागाचीच होती. बटाट्याचं सांगावं का – मलाही माहितीय तुझ्या डब्यातलं – असं ज्ञानेश्वरीच्या मनात आलं. तेवढ्याने फिट्टंफाट झाली असती. तिने ते गिळलं. ते जिचं होतं तिनेच कधी सांगायचं तर सांगावं.

"आता घरी काय सांगू मी?" अफ्रीन म्हणाली. "भट्टीवर बसल्या होत्या त्या."

"माहितीय."

"काय माहितीय तुम्हाला?"

ज्ञानेश्वरीने आधीच सांगून ठेवलेला पिझ्झा वेटर घेऊन आला, लाकडी पाटावर, वर ठेच्याचे हिरवे ठिपके, आणि तिसऱ्या खुर्चीकडे बघून म्हणाला, अजून कोणी येणार आहे का. अफ्रीन ज्ञानेश्वरीकडे पाहत राहिली, सांगा आता, अशी.

"नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली. "दोघीच."

अफ्रीन उठली नाही. जाईल असं वाटलं होतं, एकदा तिने पिशवीकडे हातही नेला. मग तिने एक तुकडा ओढून घेतला आणि खायला लागली, मान खाली घालून, भूक लागलेल्या माणसासारखी. ज्ञानेश्वरीनेही घेतला. कडा पांढऱ्या, मध्ये पीठ ओलं, चीज गोडसर. पुण्याच्या त्या पिझ्झ्याशी काही नातं नाही, ज्योती, असं म्हणायला तिचं मन आत वळलं, आणि आत कोणी नव्हतं. हाक मारून पाहिली. बस नाही, सुपं नाही, खिडकी नाही. दोन वर्षांत ती अशी कधी गेली नव्हती, न सांगता, अर्ध्या घासावर.

"कच्चा आहे मध्ये," अफ्रीन म्हणाली. वर न बघता. कोणाला म्हणाली, कळेना.

ज्ञानेश्वरीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. राग होता तसाच होता, कपाळावर, आणि चावताना जबड्याशी. ज्योतीच्या चेहऱ्यावर कधी काही वाचावं लागलं नव्हतं. आता ही पुढचा तुकडा घेईल, की हात पुसून उठेल, आणि उद्या टेबलाशी सगळ्यांना सांगेल, की कोणालाच सांगणार नाही, यातलं काहीच तिच्या हाती नव्हतं. तळवे ओले झाले होते. आई आजारी असताना पहाटे तिच्या श्वासाला कान लावायची तेव्हा व्हायचे तसे – कोणीतरी आहे, आणि जाऊ शकतं, असे. ती भीती तिने ओळखली, आणि तिच्यासकट बसून राहिली, अफ्रीनच्या हाताकडे बघत.