मादिनेओचा गुडघा

मादिनेओनं वाटेच्या कडेच्या सपाट दगडावर बसकण मारली आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला.

"आई गं! तुम्ही व्हा पुढं. मी येते मागनं."

"पुढं होऊन काय करू? गाडी काही पळून जात नाही," लेबोना म्हणाला. काठीवर भार देऊन तो थोडा वेळ उभा राहिला. मग, बायकोला एकटीला बसवून आपण नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून, तोही तिच्या शेजारी टेकला.

खाली ओढा होता आणि ओढ्यापलीकडच्या डोंगरावर त्यांचं गाव. चुलींचा धूर अजून छपरांवरच रेंगाळत होता. गावातून ओढ्यापर्यंत उतार, ओढा ओलांडला की रस्त्यापर्यंत चढ, आणि परतताना सगळं उलटं. लेबोनानं आज ठेवणीतलं ब्लँकेट काढलं होतं. खांद्यावर त्याची मोठी पिन लावली होती आणि बूट शेळीच्या चरबीनं चकचकीत केले होते. खाणीकडे आजारपणाचे पैसे मागायला निघालेला माणूस असा नटतो का, असं मादिनेओच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तुझा गुडघा म्हणजे ना," लेबोना म्हणाला, "गावप्रमुखाच्या त्या लाल बैलासारखा आहे. चढ दिसला की बसला."

"हसा. म्हाताऱ्या बायकोला हसा."

"हसत नाही गं. म्हणून तर म्हणत होतो, येऊ नकोस. मागच्या वेळी नव्हती आलीस, तर काय अडलं?"

मागच्या वेळी काय अडलं होतं, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यात खाणमजुरांची छाती तपासायला डॉक्टरांचं पथक आलं होतं, तेव्हा लेबोना एकटाच गेला होता. अर्धं आयुष्य त्यानं सीमेपलीकडच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली ड्रिल धरून काढलं होतं, आणि तिथली धूळ छातीत साठवून तो घरी परतला होता. डॉक्टरनं विचारलं, किती चालता येतं? घरापासून रस्त्यापर्यंत, लेबोनानं सांगितलं. वाटेत बसावं लागतं का? मला नाही, बायकोला लागतं, तिचा गुडघा दुखतो. जिना? चढतो. ओझं? उचलतो. डॉक्टरनं लिहून घेतलं आणि भरपाईचा अर्ज परत आला. छातीत धूळ आहे, पण माणूस चालता-फिरता आहे.

त्याच्याबरोबर खाणीत असलेल्या रान्कोनं तेव्हा घरगुती बिअर विकणाऱ्या बाईच्या घरी, चारचौघांत त्याची हजामत केली होती.

"सगळ्या जगात तू एकटाच रे असा, आजाराच्या परीक्षेत नापास होऊन आलेला! पुढच्या वेळी खोक, छप्पर उडेपर्यंत खोक."

"ढोंग मला जमत नाही," लेबोना म्हणाला होता.

ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. एक ढोंग त्याला उत्तम जमत होतं, आणि ते त्याला ह्या रान्कोनंच शिकवलं होतं. खाणीच्या भरतीच्या वेळी डॉक्टरसमोर पायरीवर चढ-उतर करावी लागे. जो धापा टाकी, तो घरी जाई. मग घरची चूल कशी पेटायची? म्हणून समोरच्या भिंतीवरचा एखादा खिळा धरायचा, त्याच्यावरून नजर हलू द्यायची नाही, तोंड मिटायचं आणि नाकानं हळूहळू श्वास ओढायचा. छाती फुटली तरी चेहरा दगडासारखा ठेवायचा. अशा कितीतरी तपासण्या लेबोनानं मारून नेल्या होत्या. डॉक्टर दिसला की आजही त्याचं तोंड आपोआप मिटे.

"चला," मादिनेओ उठली. "थांबली कळ."

यंदा पथक पुन्हा आलं, तेव्हा मात्र तिनं त्याचं ऐकलं नव्हतं. गोठ्यात आता एकच गाय उरली होती, आणि ह्याही वेळी पैसे हुकले तर त्याच्या औषधासाठी तीही विकावी लागणार होती. गायीमागून त्यांची दिनेओही जाणार होती. मुलगी राजधानीत शिलाईच्या कारखान्यात होती, आणि सीमेपलीकडे कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करायला जाते, असं हल्ली फोनवर म्हणू लागली होती. हे पथक पुन्हा येईल की नाही, ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

इस्पितळाच्या बोळात बाकांवर सगळे जुने खाणवाले दाटीवाटीनं बसले होते, खांद्यावर ब्लँकेटं आणि मांडीवर टोप्या. एक खोकला की दुसऱ्याला खोकला येई, आणि मग तो बाकाच्या टोकापर्यंत फिरून येई. लेबोना खोकला नाही. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो ताठ उठला आणि त्यानं ब्लँकेट व टोपी मादिनेओच्या मांडीवर ठेवली.

"दुमेला, न्ताते," पथकाबरोबरच्या नर्सनं त्याला हात जोडून नमस्कार केला. पोरसवदा होती, पण बापमाणसाला न्ताते म्हणून हाक मारावी, हे तिला घरून मिळालेलं दिसत होतं. तिचं नाव मोदिएही. "कसे आहात?"

"मजेत आहे, पोरी. तू कशी आहेस?"

मोदिएही गालात हसली. तिनं त्याच्या बोटाला एक चिमटा लावला. चिमट्याची वायर तिच्या हातातल्या छोट्या यंत्रात गेली होती. बोळाच्या दोन्ही टोकांना एकेक खुर्ची मांडलेली होती.

"ह्या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. घड्याळ वाजेपर्यंत. दम लागला तर थांबायचं, न्ताते. थांबलेलं चालतं."

लेबोना मनात हसला. भरतीच्या कचेरीतही अगदी हेच सांगत. थांबलेलं चालतं. जे थांबले ते संध्याकाळच्या गाडीनं घरी गेले.

तो चालू लागला. पहिली फेरी त्यानं अशी मारली की बाकावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, "हा कशाला आलाय इथं? ह्याला मुलगी बघायला पाठवा."

दुसऱ्या फेरीत त्यानं तोंड मिटलं. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचा कागद खिळ्यानं ठोकलेला होता. त्यानं तो खिळा धरला. वळताना खिळा सुटला, तेव्हा दुसऱ्या भिंतीवरचा एक डाग धरला. छातीभोवती कुणी पट्टा आवळत होतं. हे नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच की पट्टा सैल होत नव्हता. घरापासून रस्त्यापर्यंत तो असाच चालायचा, आणि असा पट्टा आवळायला लागला की थोड्याच वेळात तो आपोआप सैल व्हायचा. आज का होत नाही, ते त्याला कळेना. त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले.

"न्ताते, थांबायचं असेल तर..."

लेबोनानं मान हलवली. पाऊल उचललं. खिळा धरला.

"आई गं!"

बोळात हाक घुमली.

"थांबा ना जरा, दिनेओचे बाबा! माझ्या गुडघ्यात कळ आलीय."

लेबोना जागच्या जागी थांबला. नेहमी थांबायचा तसाच, काही विचार न करता. एक हात भिंतीला टेकवून त्यानं बायकोकडे वळून पाहिलं.

मादिनेओ बाकावर बसलेली होती. सकाळपासून ती तिथंच बसली होती, मांडीवर दोघांची ब्लँकेटं घेऊन. तिचे दोन्ही हात गुडघ्यावर होते. आपण काय बोललो ते तिच्या एकदम ध्यानात आलं, आणि तिनं ब्लँकेटची कड ओढून तोंडावर धरली.

मघाचा तो म्हातारा हसायला लागला, पण अर्ध्यातच गप्प झाला. बोळात फक्त लेबोनाच्या छातीची शीळ ऐकू येत होती. तो बायकोच्या गुडघ्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

मोदिएहीनं खुर्ची ओढून त्याच्या मागं सरकवली आणि त्याला खांद्याला धरून बसवलं. मग ती मादिनेओसमोर उकिडवी बसली.

"म्मे," आईला हाक मारावी तसं तिनं हळूच विचारलं, "गुडघा कधीपासून दुखतोय?"

मादिनेओनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं उणं चारचौघांत बोलायचं नसतं. तिची आई कधी बोलली नव्हती, सासू बोलली नव्हती. लेबोनाला बोलायला दम नव्हता. त्यानं आपल्या गुडघ्यावरचा हात उचलला, उघडा तळवा तिच्यापुढं धरला आणि मान खाली घातली. सांग.

"हे खाणीतून कायमचे आले ना," मादिनेओ म्हणाली, "तेव्हा पहिल्याच चढावर मी ह्यांची छाती ऐकली. बसा म्हटलं असतं तर बसले असते का? तर मग मीच बसले."

"नेहमी?"

"उतरताना वाळुंजाच्या झाडापाशी. चढावर सपाट दगडापाशी. येताना कोरफडीच्या कुंपणापाशी, आणि मग फादरच्या फाटकापाशी. हल्ली पाणी आणायला निघालो की दारातसुद्धा."

"आणि गुडघा? खरंच दुखतो?"

"नाही गं बाई." मग नवऱ्याकडे बघून तिनं घाईनं जोडलं, "थंडीत दुखतो थोडा."

"हे मागच्या वेळी सांगितलं का नाहीत?"

"मागच्या वेळी हे मला घेऊनच नाही आले. म्हणाले, एवढं चालून तुझा गुडघा दुखेल."

मोदिएहीला हसावं की काय करावं ते कळेना. ती उठली, यंत्रातले आकडे तिनं पुन्हा बघितले आणि आत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर मागच्या वेळचे नव्हते. त्यांनी लेबोनाच्या छातीचा फोटो उजेडात धरला, बोटाचा चिमटा पाहिला आणि स्वतःच खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसले.

"न्ताते, तुमच्या ह्या छातीनं इतकं चालताच कसं आलं, ते मला कळत नव्हतं," ते म्हणाले. "आता कळलं. ह्या वेळी मी नीट लिहितोय. अर्ज परत येणार नाही. पैसे थंडी संपायच्या आत सुरू होतील."

लेबोनानं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. मग मोदिएहीचा धरला. मग मघाच्या त्या म्हाताऱ्याचाही, त्याचा काहीएक संबंध नसताना. गाय राहणार होती. दिनेओ सीमेच्या अलीकडे राहणार होती. त्याला फार बोलायचं होतं, पण एवढंच म्हणता आलं, "देव तुमचं भलं करो, लेकरांनो."

गाडीत मादिनेओ खिडकीकडे तोंड करून बसली. चार लोकांत नवऱ्याची झाकली मूठ उघडली, आता हा बोलतो की नाही, ह्या विचारानं तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं.  गाडी सुटायच्या आधी लेबोना थांब्यावरच्या दुकानात कशाला गेला होता, तेही तिनं विचारलं नाही.

गाडीतून उतरून दोघं ओढ्यापर्यंत आली. ओढा ओलांडला. गावाचा चढ लागला.

लेबोना वाटेकडे बघत चालला. वाट रोजचीच होती, पण तो ती पहिल्यांदा बघत होता. ह्या वाटेवर बायकोसाठी आपण किती वेळा थांबलो, ह्याचा त्याला अभिमान होता. मी खाणीत असताना हिनं एकटीनं घर ओढलं, पोरं वाढवली, आता हिच्या गुडघ्यासाठी दोन घटका बसलो तर काय बिघडलं, असं तो रान्कोला ऐकवायचा. दिनेओचे पैसे आले की आधी मलमाची डबी आणायचा आणि रात्री शेकोटीपाशी तिचा गुडघा चोळायचा. कधी उजवा, कधी डावा. कळ फिरती आहे, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. आणि ती पाय पुढं करून निमूट चोळून घ्यायची. आपल्याला लाज वाटेल असं त्याला इस्पितळातून निघाल्यापासून वाटत होतं, पण लाज आलीच नाही. हिचं आपण काय आणि कसं फेडणार, एवढंच राहून राहून मनात येत होतं.

कोरफडीचं कुंपण आलं. मादिनेओची पावलं जडावली. थांबावं तर आता कुठल्या तोंडानं थांबायचं? न थांबावं तर मागं ती शीळ सुरू झाली होती. ती हळू चालली, मग आणखी हळू.

"मादिनेओ," लेबोनानं हाक मारली. शब्द तुटत होते. "तुझा गुडघा... दुखत असेल."

तिनं वळून पाहिलं. तो काठीवर वाकून उभा होता, तोंड उघडं टाकून, खिळा-बिळा काही न शोधता. ह्या वाटेवर त्याला असा श्वास घेताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"दुखतोय ना," ती म्हणाली. "आज तर फारच."

ती बसली. तो तिच्या शेजारी बसला आणि मनमोकळं खोकला. बराच वेळ खोकला. मादिनेओनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्यानं तो झटकला नाही. समोरच्या डोंगरावरून ऊन वर वर सरकत गेलं. कुणाच्या तरी गुरांच्या घंटा गावाकडे निघाल्या होत्या.

श्वास जागेवर आला तसा त्यानं ब्लँकेटखालून मलमाची डबी काढली. कोरी करकरीत.

"अहो, आता कशाला?"

"कुठला?" त्यानं विचारलं.

मादिनेओ क्षणभर विचारात पडली. मग तिनं डावा पाय पुढं केला.

"सकाळी उजवा होता."

"कळ फिरती आहे," ती म्हणाली.

लेबोनानं मान डोलावली, डबीचं झाकण काढलं आणि तिचा डावा गुडघा चोळायला घेतला.